नागपुरात जुनी स्पोर्ट्स कार सांभाळायची, तर एमजी टीडी की स्टँडर्ड हेराल्ड?

एमजी टीडी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या इंजिनाचा एक बोल्ट हातात घेऊन बघा. डोक्याला व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचा इंची पाना लागतो, आटे मात्र मेट्रिक. त्यातही ८ मिलिमीटरच्या बोल्टला आपल्या दुकानांत १.२५ पिचचे आटे मिळतात, म्हणजे दोन आट्यांत सव्वा मिलिमीटर अंतर. याला हवेत १ पिचचे, बारीक. एमजीची इंजिनं बनवणाऱ्या मॉरिस कंपनीनं १९२३ मध्ये हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कोव्हेंट्रीतला कारखाना घेतला. तिथली यंत्रं मेट्रिक आणि इंग्लंडभरचे पाने इंची, त्यातून ही जोडी जमली. घाईतल्या मेकॅनिकनं नेहमीचा बोल्ट जोर लावून बसवला, की ब्लॉकमधले आटे गेलेच.

हेराल्डचे आटे यूएनएफ आणि यूएनसी, म्हणजे प्रमाणित इंची मापांचे बारीक आणि जाड. ॲम्बेसेडरमध्येही हेच वापरलेत, त्यामुळे जुन्या नटबोल्टवाल्याकडे मापाला माप मिळतं. कोणती घेऊ, असं विचारणाऱ्याला मी आधी हा फरक सांगतो. रंग, आवाज, हूड म्हणजे कापडी छप्पर खाली करून फुटाळा तलावाला मारलेली चक्कर, हे सगळं नंतरचं. गाडी दारात उभी राहिल्यावर रोज गाठ पडते ती आट्यांशी, सिलांशी आणि बुशांशी.

हेराल्ड ही स्पोर्ट्स कार नाही, हे मान्यच. मिकेलॉटी या इटालियन डिझायनरनं आखलेली, १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीनं भारतात बनवलेली, ९४८ सीसीची ती घरगुती गाडी. पण तिची चेसिस बॉडीपासून वेगळी आहे आणि तीच आखूड करून ट्रायम्फ या तिच्या मूळ ब्रिटिश कंपनीनं १९६२ मध्ये स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार बाजारात आणली. पुढचं सस्पेन्शन, रॅक-पिनियन स्टिअरिंग, मागची आडवी कमान म्हणजे पाट्यांची स्प्रिंग, सगळं एकाच घराण्याचं. स्पिटफायर तीन लाखांवर बनल्या, त्यांचे पार्ट आजही इंग्लंडात नव्यानं तयार होतात, आणि त्यातले बरेचसे हेराल्डला बसतात. हौस स्पोर्ट्स कारची असेल आणि हात अजून कच्चा असेल, तर सगळं शिकायला याहून चांगली गाडी मला दिसत नाही. एक अट आहे: दोन दारांचीच घ्या. चार दारांची मार्क थ्री १९६८ मध्ये फक्त भारतात निघाली. तिची मागची दारं, त्यांच्या काचा, रबरं परदेशातल्या कुठल्याच कॅटलॉगात नाहीत, आणि इथं ती भंगारातच शोधावी लागतात.

टीडीचं नेमकं उलटं. १९५० ते १९५३ या काळात जवळपास तीस हजार बनल्या, त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या, आणि तिथल्या शौकिनांमुळे या गाडीचा जवळजवळ प्रत्येक भाग आज नवा मिळतो. पिस्टन, रॉकर शाफ्ट, एसयू कार्ब्युरेटरच्या सुया, हुडाचं कापड, डॅशबोर्डवरचं बटणसुद्धा. फक्त हे सगळं समुद्रापलीकडून येतं. वजनदार पार्ट असेल तर भाडं आणि कस्टम ड्युटी मिळून मूळ किमतीच्या वर जातात. माझ्या ओळखीतल्या एका टीडीचा क्लच प्लेटचा डबा कस्टममध्ये अडकला. गाडी सहा आठवडे ताडपत्रीखाली होती. म्हणजे टीडीत पैसा जातो, हेराल्डमध्ये वेळ. तुमच्याकडे यातलं काय जास्त आहे, ते आधी ठरवा.

हेराल्डचा खरा दुखरा भाग पुढच्या चाकांत आहे. खालच्या बाजूला ब्रॉंझचा ट्रनियन, म्हणजे आतून आटे असलेला ठोकळा असतो, त्यात आट्यांवर उभी लिंक फिरते आणि स्टिअरिंग वळवताना चाकही तिच्यासोबत वळतं. या ट्रनियनला तेल लागतं, ईपी ९० गिअर ऑइल. ग्रीस भरलं तर ते आट्यांच्या तळापर्यंत पोचत नाही, ओल आत राहते, लिंकेला गंज धरतो आणि एक दिवस ती तुटते. माझ्या गाडीच्या आधीच्या मालकानं वर्षानुवर्षं ग्रीसच भरलं होतं. लक्ष्मीनगर चौकात वेग जेमतेम दहाचा, स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं, खाडकन आवाज झाला आणि डावं चाक मडगार्डाखाली आडवं झालं. वर्धा रोडवर झालं असतं तर मी आज हे लिहीत बसलो नसतो. हिंगण्याच्या मिस्त्रीभाऊंनी तुटलेला तुकडा उजेडात धरला. अर्ध्याहून जास्त भाग जुना, काळा पडलेला, आणि कडेला नखाएवढीच ताजी चमक. "याले ग्रीस नाही भाऊ, तेल लागते," एवढंच ते म्हणाले. तेव्हापासून होळीला आणि पोळ्याला मी स्वतः तेल भरतो, बाजूनं थेंब बाहेर येईपर्यंत. लिंक मागवताना बाजू नीट लिहा, डाव्या आणि उजव्या चाकाचे आटे उलटसुलट असतात.

नागपूरचा फायदा मोठा आहे. श्रीनगर-कन्याकुमारी आणि सुरत-कोलकाता या दोन्ही दिशांचे ट्रक इथून जातात, आणि त्या ट्रकांसाठी उभी राहिलेली कारागिरी जुन्या गाड्यांच्याही कामी येते. हेराल्डची बसलेली आडवी कमान पाटेवाले पुन्हा बाक देऊन उचलतात. डायनॅमोचं रिवाइंडिंग, रेडिएटरचं रॉडिंग, क्रँक ग्राइंडिंग, सगळं शहरातच होतं. सिलिंडर बोअर करणाऱ्याला फक्त आकडा सांगा: हेराल्डचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ६३ मिलिमीटर, टीडीचा ६६.५.

एका बाबतीत नागपूर टीडीला मानवतं, आणि ते म्हणजे लाकूड. तिच्या पत्र्याखाली ॲश लाकडाचा सांगाडा असतो आणि आपल्याकडे पावसाळ्यात तो कुजतो. ॲश इथं मिळत नाही, पण चंद्रपूर-गडचिरोलीचं सागवान आहे, आणि जुने सुतारही आहेत. सागवान कुजायला चिवट, पण तेलकट. जोड चिकटवण्याआधी ॲसिटोननं पुसून घ्यायला सांगा, नाहीतर वर्षभरात सुटतो.

उन्हाळ्यात मात्र टीडीची परीक्षा असते. तिच्या रेडिएटरमध्ये दाब नसतो, पाणी शंभर अंशांना उकळतं, आणि मे महिन्यात बाहेरच पंचेचाळीस असतात. सीताबर्डीच्या गर्दीत दहा मिनिटं अडकलात की वाफ आलीच. हेराल्डचा पेट्रोल पंप इंजिनालाच चिकटलेला, त्यामुळे तिथं पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडते. दोघींनाही मी मार्च ते जून सकाळी नऊनंतर बाहेर काढू नये म्हणेन. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आल्यापासून जुने रबरी पाइप आणि कॉर्कची पॅकिंगं फार टिकत नाहीत. कुठलीही गाडी घ्या, पहिल्याच आठवड्यात सगळे पेट्रोल पाइप इथेनॉल चालणारे टाका. जुनी लाइन फुटली की पेट्रोल तापलेल्या इंजिनावर पडतं.

कागदांचं थोडक्यात. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण मग ती रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती, अशाच कामांसाठी रस्त्यावर आणता येते.

मी तुमच्या जागी असतो तर हेराल्ड घेतली असती, आणि टीडी वाडवडिलांची असेल तर ती कुणाला विकू दिली नसती. बघायला जाताना एक माणूस सोबत न्या. हेराल्डचं बॉनेट अख्खं पुढं उलटतं, आत नजर सहज पोचते. त्याला आत बसवून क्लच दाबायला लावा आणि तुम्ही क्रँकच्या पुलीकडे बघा. पुली पुढं-मागं सरकताना नुसत्या डोळ्यांना दिसली, तर क्रँकला जागेवर धरणारे आतले अर्धचंद्रासारखे वॉशर झिजलेत किंवा खाली ऑइलमध्ये पडलेत, आणि क्रँक ब्लॉकला खातोय. टीडीचं दार मागच्या बाजूला बिजागऱ्यांवर असतं. ते अर्धं उघडा, पुढची कड हातानं वर उचला. दारासोबत मागचा खांबही हलला, तर रंग कितीही चकचकीत असू द्या, आत लाकूड उरलेलं नाही.