गंजलेलं जुनं हत्यार: घासायचं, भिजवायचं की करंट लावायचा?

माळ्यावर जुनी पटाशी नाहीतर रंधा सापडला की पहिला हात ग्राइंडरकडे जातो, तर प्लीज तिथेच थांबा. फिरत्या वायर व्हीलने गंज दोन मिनिटांत जातो हे खरं, पण बनवणाऱ्याचा शिक्काही पुसट होतो, कडा गोल होतात, आणि ग्राइंडिंगचा दगड लावून धारेवर निळा रंग आला की समजा तिथलं पोलाद 300 अंशांच्या आसपास तापलं आणि त्याचं पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरला. मग कितीही धार लावा, टिकत नाही.

नुसता वरवरचा लालसर गंज असेल तर बाकी काहीच नको. तेल, बारीक स्टील वूल आणि अर्धा तास, बस. खालचा काळपट थर तसाच राहू द्या, जुन्या हत्याराचं वय त्यातच दिसतं आणि जपून ठेवायची वस्तू असेल तर तिची किंमतही त्यातच असते. करवतीलाही मी घासणंच सुचवेन, पातं सपाट आणि पातळ असतं, लाकडी ठोकळ्याला वॉटर पेपर गुंडाळून रॉकेल टाकत लांबीच्या दिशेने घासलं की छान निघतं, फक्त शिक्का कोरलेल्या जागी हात हलका ठेवा.

गंज जाड असेल तर खरा प्रश्न अ‍ॅसिड की इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे सोड्याच्या पाण्यात करंट सोडून गंज काढणं.

व्हिनेगर सगळ्यांना माहीत असतं पण मला ते आवडत नाही, संथ आहे, वास मारतो, आणि आपण विसरतो. मी एक पटाशी चार दिवस तशीच ठेवली होती, बाहेर काढली तेव्हा गंज नव्हता पण धार हाताला खरखरीत लागत होती, कारण गंज संपला की अ‍ॅसिड चांगलं लोखंडही खायला लागतं. अजूनही वाईट वाटतं त्याचं. त्यापेक्षा सायट्रिक अ‍ॅसिड बरं, 1 लिटर कोमट पाण्यात साधारण 50 ग्रॅम, आणि दर दोन-तीन तासांनी काढून ब्रशने घासून बघायचं. लोखंड राखाडी पडतं, ते चालतं. बाहेर काढल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, लगेच पुसा, गरम हवेने वाळवा आणि तेल लावा, नाहीतर डोळ्यांदेखत नारिंगी डाग येतात. जस्ताचा मुलामा असलेली वस्तू मात्र अ‍ॅसिडात घालू नका, मुलामाच निघून जातो.

इलेक्ट्रोलिसिसला मांडामांड जास्त पण माझा सगळ्यात विश्वास यावरच. प्लास्टिकची बादली, 4 लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, 12 व्होल्टचा डीसी सप्लाय. निगेटिव्ह वायर हत्याराला, पॉझिटिव्ह भंगार लोखंडाच्या पट्टीला, आणि दोघं एकमेकांना चिकटता कामा नयेत. वायर उलटी लागली तर हत्यारच झिजेल, म्हणून दोनदा बघा. यात चांगलं लोखंड खाल्लं जात नाही, रात्रभर राहिलं तरी बिघडत नाही. पट्टी जिकडे असते त्या बाजूचा गंज आधी निघतो म्हणून मधेमधे हत्यार फिरवायचं. दोन गोष्टी अजिबात करू नका: पट्टी म्हणून स्टेनलेस स्टील वापरायचं नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं, आणि सोड्याऐवजी मीठ टाकायचं नाही, क्लोरीन सुटतो. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, म्हणजे खिडकी उघडी आणि जवळ ठिणगी नको, वायर काढायच्या आधी सप्लाय बंद. रंध्याच्या बॉडीवरचा जुना काळा रंग यात सुटू शकतो, तो ठेवायचा असेल तर ही पद्धत नको.

तयार रस्ट रिमूव्हरमधले न्यूट्रल प्रकार, म्हणजे अ‍ॅसिड नसलेले, सगळ्यात सौम्य आणि कष्ट जवळपास शून्य. फक्त वेळ जास्त लागतो, आणि मोठी वस्तू बुडवायला भरपूर लिक्विड लागतं. एखाद-दुसरी छोटी पटाशी असेल तर मी डोळे झाकून हेच सांगेन, पेटीभर हत्यारं असतील तर इलेक्ट्रोलिसिस.

काहीही करा, लाकडी मूठ निघत असेल तर आधी काढा, निघत नसेल तर फक्त पातंच बुडवा. गंजाने पडलेले खड्डे यातल्या कशानेच भरत नाहीत. पात्यावर इतरत्र असले तर चालतात, पण पटाशीच्या सपाट पाठीवर, अगदी धारेपाशी असतील तर धार कायम दातेरी येते. तेवढा भाग दगडावर सपाट होईपर्यंत घासायची तयारी असेल तरच ती पटाशी कामासाठी घ्या.