वजन तेवढंच, माप बदललं: नव्या मापाच्या कपाटाचा बऱ्याच महिन्यांचा अनुभव

दिवाळीच्या सुट्टीत मी सगळं कपाट खाली काढून नव्या मापाने लावलं. आता श्रावण संपत आला, म्हणजे लग्नसराई, सोलापूरचा उन्हाळा आणि जूनमधली शाळेची गडबड असं सगळं याच कपड्यांवर निघालंय, त्यामुळे काय टिकलं काय नाही ते खात्रीने सांगता येईल.

कारण आधी सांगते. वय 48, पाळी जवळजवळ बंद झालीय. वजन दोन वर्षांत फार तर दोन किलो वाढलं असेल पण कमर 32 ची 36 झाली, छाती 36 वरून 38 च्या पुढे गेली, आणि सलवार मांडीत उलट सैल व्हायला लागली. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी झालं की चरबी साठायची जागाच बदलते, आधी मांड्या नि नितंबावर जायची ती आता पोटावर जाते, काटा तोच राहिला तरी आकार बदलतो. आपल्याकडे बायकांची पाळी साधारण 46-47 च्या आसपास जाते, म्हणजे नोकरी ऐन भरात, मुलांची कॉलेजं चालू, आणि नेमकं तेव्हाच एक ब्लाऊज धड बसत नाही. त्यावर सगळ्यांचं एकच, वजन कमी कर मग बसेल. मला हे अजिबात पटत नाही. मी चालायला जाते, जात राहणार, पण उद्या सकाळी सव्वासातला शाळेत उभं राहून हात वर करून फळ्यावर लिहायचंय ते आज आहे त्या अंगाने लिहायचंय, सहा महिन्यांनंतरच्या नाही.

पहिलं काम ब्रा. हे मुद्दाम आधी लिहिते कारण बहुतेक जणी ब्लाऊजपासून सुरुवात करतात. जुनी आवळलेली ब्रा घालून टेलरकडे माप दिलं की छातीचं माप हमखास चुकतं आणि नवीन ब्लाऊज पण वायाच जातं. टेप घ्या, छातीच्या खाली घट्ट गुंडाळून एक माप, आणि छातीवरून सैलसर दुसरं. खालचा पट्टा आवळत असेल पण कप बरोबर बसत असतील तर नंबर एकाने वाढवायचा आणि कपचं अक्षर एकाने कमी करायचं, म्हणजे 34 सी ची 36 बी, कप तेवढाच राहतो. नवीन ब्रा सगळ्यात बाहेरच्या, म्हणजे सैल हुकावर बसली पाहिजे, कारण इलॅस्टिक पुढे ढिलं होतंच, तेव्हा आतले हुक कामाला येतात. चांगल्या स्थितीतल्या जुन्या दोन-तीन मी फेकल्या नाहीत, हुकाची जोडपट्टी मिळते ती मागे लावून वापरते, नवी पेठेत किरकोळ पैशात मिळते. महिनोन्महिने झाले, पाठीवरचे लाल वळ गेले, दुपारी चौथ्या तासाला जीव गुदमरायचा तो प्रकार बंद झाला.

आता ब्लाऊज. माझ्या शिवणाऱ्या शहराच्या पूर्व भागातल्या अक्का आहेत, आधी बरीच वर्षं युनिफॉर्मच्या कारखान्यात मशीनवर होत्या. आपल्या सोलापूरचे शाळेचे युनिफॉर्म कुठे कुठे जातात ते सगळ्यांना माहितीय, आणि युनिफॉर्म शिवणाऱ्या माणसाला मार्जिन ठेवायची सवयच लागलेली असते, पोरगं वाढणार हे धरूनच कापड आत दुमडायचं. अक्कांनी माझे सगळे ब्लाऊज उलटे केले, बाजूची शिलाई बोटाने चाचपली आणि दोन ढीग केले. म्हणाल्या, "मॅडम, ह्यात कापड हाय की आत, कशाला नवीन शिवायलाव? ह्यात मात्र काय नाय, कापून टाकलंय सगळं."

हिशोब सोपा आहे. बाजूच्या शिलाईला पुढचा भाग आणि मागचा भाग असे दोन पदर असतात. प्रत्येक पदरातून अर्धा इंच सोडला तर एका बाजूला एक इंच मिळतो, दोन्ही बाजूंना मिळून दोन. तेवढ्यात माझं काम झालं. पण बगलेतून शिलाई बाहीत जाते, तिथे बाही पण सोबत सोडायला लागते नाहीतर अंगात सैल आणि दंडात करकचून असं विचित्र होतं, घाईत काम करणारे टेलर नेमकं हेच सोडून देतात. उसवून परत शिवायचे अक्का एका ब्लाऊजचे 60 रुपये घेतात, नवीन अस्तराचं शिवायला 400 च्या वर जातात, यावरून काय ते समजून घ्या. सोडलेल्या जागी कापड कमी विटलेलं असतं म्हणून गडद पट्टी दिसते, पण ती काखेखाली जाते, मला आजवर कुणी विचारलेलं नाही. घडीची रेघ व्हिनेगर घातलेल्या पाण्याने ओला फडका ठेवून इस्त्री मारली की कॉटनवरून बरीचशी जाते. सिल्कवर सुईची भोकं राहतात, तिथे हा उपाय करू नका.

खणाच्या ब्लाऊजचं दुःख वेगळं. इरकल माझी आवडती साडी, त्यावर खणाचं ब्लाऊज हवंच, आणि खणाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, मुळातच लहान, त्यामुळे आत मार्जिन निघतच नाही. अक्कांनी काखेखाली त्याच रंगाच्या साध्या कॉटनची उभी पट्टी जोडली, दोन बोटं रुंद. पदर घेतला की दिसत नाही, हात वर केला तरी शोधावं लागतं. मला हे काम इतकं आवडलं की घरी येऊन दोनदा उलटं करून बघितलं, आतून पण टाके एका रेषेत. आता चाटी गल्लीत कापड घेताना मी लागतं त्यापेक्षा थोडं जास्तच घेते, आणि शिवायला टाकायच्या आधी कापड आणि अस्तर दोन्ही रात्रभर पाण्यात भिजवते. नुसतं कापड भिजवून भागत नाही, अस्तर नंतर आटलं की वरचं कापड चुण्या पडून ओढलं जातं.

रेडिमेड कुर्त्यांबद्दल थोडक्यात. आत ओव्हरलॉक मारून कापड कापलेलं असतं, सोडायला काही उरत नाही, म्हणून घेताना एक नंबर मोठी घ्यायची आणि बारीक करून घ्यायची, उलटं होत नाही. फक्त खांदा बघून घ्या, खांदा खाली उतरत असेल तर ती कुर्ती ठेवून द्या, त्याची दुरुस्ती सगळ्यात किचकट. एल आणि एक्सएलवर विश्वास नाही, प्रत्येक कंपनीचा वेगळा, मी आवडत्या कुर्तीचं काख ते काख माप मोबाईलमध्ये लिहून ठेवलंय तेच दुकानात लावून बघते. पोटावर ताणून साइड कट पुढे उघडा पडत असेल तर कट थोडा वर घ्या, बसता उठता मोकळं वाटतं.

परकराच्या नाडीवर मात्र जरा जास्त बोलणार आहे. पोट वाढलं तरी आपण नाडी त्याच गाठीला, तेवढीच आवळतो, साडी सुटेल या भीतीने. 2024 साली बीएमजे केस रिपोर्ट्स या वैद्यकीय नियतकालिकात वर्धा आणि बिहारच्या डॉक्टरांनी दोन म्हाताऱ्या बायकांच्या केसेस लिहिल्या, वर्षानुवर्षं कमरेला करकचून बांधून एकाच जागी घासून जखम झाली, ती भरलीच नाही, आणि त्यातून त्वचेचा कॅन्सर झाला. अशा केसेस फार कमी, घाबरायचं कारण नाही, पण कमरेवरचा काळा पट्टा खाजतो, सोलतो आणि आपण त्यावर पावडर टाकून परत तिथेच गाठ मारतो, ते तरी थांबवूया की. मी सगळ्या परकरांना रुंद पट्टा लावून घेतला, बारीक गोल नाडी काढून चपटी सुती नाडी घातली, रोज बांधायची जागा थोडी वर-खाली करते, घरी आल्यावर पहिल्यांदा ती सैल करते. साडी एकदाही सुटलेली नाही. ऑनलाईन एक इलॅस्टिकचं साडी शेपवेअर पण मागवलं होतं, फोटोत सुंदर, जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला घातलं तेव्हा ठीक वाटलं, मार्चनंतर घालवेना. मे महिन्यात 42-43 डिग्रीत नायलॉन अंगाला चिकटवून फिरायचं म्हणजे शिक्षाच, त्यात अंगातून मध्येच गरम वाफा येतात त्या वेगळ्याच. ज्यांना हा त्रास चालू आहे त्यांनी मलमल, कॉटन, हातमाग एवढंच बघा, आणि बाही कोपरापर्यंत पण सैल.

जे कपडे कशानेच बसणार नव्हते ते वर्षानुवर्षं डोळ्यासमोर टांगून ठेवायचे नाहीत असं ठरवलं आणि पाळलं. चांगले ड्रेस भाचीला दिले, सिंथेटिक बोहारणीकडे गेले, मऊ झालेल्या कॉटनच्या साड्यांची आईने वाकळ करून घेतली. सकाळी आता हाताला येईल ते घातलं की बसतं, साडी नेसून बाहेर यायला पूर्वीच्या निम्मा वेळ लागतो, आणि मला सगळ्यात जास्त समाधान याचंच आहे.

एकच काम बाकी. लग्नातल्या पैठणीचं ब्लाऊज सिल्कचं, ते उसवणार नाही, तसंच ठेवणार. पुढच्या लग्नसराईसाठी काठाला जुळणारं साधं कॉटन सिल्क घेऊन नवीन शिवायला टाकलंय, बाजूला दीड-दीड इंच मार्जिन ठेवून, आणि हुक पुढे.