फोटोतली नको असलेली वस्तू: क्लोन, हील, कंटेंट-अवेअर की एआय?

कुठलं टूल वापरायचं हे ठरवताना बहुतेक जण काढायची वस्तू केवढी आहे ते बघतात. खरं तर तिच्या मागे काय आहे ते बघायला हवं. मोकळ्या आकाशातला अख्खा विजेचा खांब दोन मिनिटांत जातो, आणि चौकड्याच्या शर्टावरून गेलेला बॅगेचा पट्टा तासभर खातो.

क्लोन स्टँप सरळ कॉपी करतो: इथले पिक्सेल उचलून तिथे. हीलिंग ब्रश फक्त पोत उचलतो. रंग आणि उजेड तो भोवतालच्या जागेशी जुळवून घेतो. म्हणून त्वचा, आकाश, वाळू, साधी भिंत यांना हील. पण गडद-उजळ काठाजवळ हील फसतं. जुळवून घेण्याच्या नादात ते पलीकडचा गडद रंगही ओढून आणतं आणि तिथे मळकट डाग उमटतो. अशा ठिकाणी क्लोनला पर्याय नाही.

आकाशातून येऊन छपराच्या कडेला टेकणारी तार घ्या. आधी रिकामा नवा लेयर करा आणि टूलच्या पट्टीत सगळ्या लेयरवरून नमुना घेण्याचा पर्याय चालू करा, म्हणजे मूळ फोटोला धक्का लागत नाही. स्पॉट हीलिंगचा (ज्यात नमुना आपण निवडावा लागत नाही) ब्रश तारेच्या साधारण दीडपट जाड ठेवा. एका टोकाला क्लिक करा, मग शिफ्ट दाबून दुसऱ्या टोकाला. मधला सरळ पट्टा आपोआप भरतो. छपराच्या पंधरा-वीस पिक्सेल आधी थांबा. उरलेला तुकडा क्लोनने: हार्डनेस (ब्रशच्या कडेचा ठसठशीतपणा) ७०-८० टक्के, नमुना त्याच छपराच्या काठावरून थोडं पुढे जाऊन घ्यायचा (फोटोशॉपमध्ये आल्ट-क्लिक, गिंप या फुकट फोटो-संपादकात कंट्रोल-क्लिक). नमुन्याचं क्लिक बरोबर काठाच्या रेघेवर हवं आणि रंगवायला सुरुवातही त्याच रेघेवर. दोन पिक्सेलचा फरक पडला तरी छप्पर मोडल्यासारखं दिसतं. हार्डनेस शून्य ठेवला तर काठ पुसट होतो आणि फोटोतला दाणा गायब होतो.

कंटेंट-अवेअर फिल फोटोशॉपमध्ये २०१० साली सीएस५ सोबत आलं. ते नवीन काही रचत नाही. फोटोत इतरत्र असलेले जुळते तुकडे शोधून आणतं. त्यामुळे भरायला लागणारा पोत त्याच फोटोत असायला हवा. गवत, पानं, खडी, लाटा यांत ते उत्तम चालतं. सिलेक्शन वस्तूच्या काठापासून ५ ते १० पिक्सेल बाहेर न्या आणि सावलीही आत घ्या. मग कंटेंट-अवेअर फिलच्या खिडकीत फोटोवर दिसणाऱ्या हिरव्या पडद्याकडे लक्ष द्या: तुकडे कुठून उचलले जाणार ते तो दाखवतो. शेजारी उभ्या माणसावरचा हिरवा रंग पुसला नाही, तर भरलेल्या जागेत त्याचं अर्धं डोकं उगवू शकतं. विटा-फरश्यांसाठी रोटेशन अडॅप्टेशन (तुकडे फिरवून बसवणं) बंद ठेवा, आकाशातल्या रंगछटांसाठी कलर अडॅप्टेशन (रंग जुळवून घेणं) वाढवा. भिंत तिरपी, दूर जाणारी असेल तर मात्र हे सोडा आणि फोटोशॉपमधला व्हॅनिशिंग पॉइंट किंवा गिंपमधला पर्स्पेक्टिव्ह क्लोन घ्या.

गिंपवाल्यांसाठी याच जातीचं काम रिसिंथेसायझर हा प्लग-इन करतो, तोही फुकट. सिलेक्शन करून हील सिलेक्शन चालवायचं. भोवतालच्या किती पिक्सेलमधून नमुना घ्यायचा तो आकडा मुळात ५० असतो, तो कमी-जास्त करून बघा. हिरवा पडदा इथे नाही, ही खरी उणीव. प्लग-इन आपल्या आवृत्तीचाच घ्या, २.१० साठीचा ३.० मध्ये चालत नाही.

फोटोशॉपमधलं एआय टूल जनरेटिव्ह फिल (२०२३) मात्र जे फोटोत नव्हतंच ते रचतं. माणसामागचा अर्धा दरवाजा, झाकली गेलेली सायकल अशा जागी बाकी सगळी टूलं हात टेकतात, तिथे हे जिंकतं. काढायचंच असेल तर सूचनेची चौकट रिकामी ठेवा. माणूस काढला आणि त्या जागी दुसराच कोणी येऊन उभा राहिला, ही नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा सावली सिलेक्शनबाहेर राहिलेली असते आणि प्रणाली त्या सावलीला शोभेल असं काहीतरी उभं करते. दुसरी अडचण तपशिलाची. सुरुवातीला भरलेला भाग १०२४ × १०२४ पिक्सेलचाच तयार होई आणि मोठ्या सिलेक्शनमध्ये तो ताणला जाऊन मऊ दिसे. अजूनही मोठी जागा तुकड्यातुकड्याने भरणंच बरं, आणि वरून १-२ टक्के नॉइज (दाणा) घाला. इंटरनेट आणि क्रेडिट लागतात ते वेगळंच. फोटोशॉपच्याच रिमूव्ह टूलमध्ये (वस्तूवरून ब्रश फिरवला की ती जाते) जनरेटिव्ह एआय बंद ठेवून काम करता येतं. छोट्या-मध्यम वस्तूंना तेवढं पुरतं. बातमीचा किंवा पुराव्याचा फोटो असेल तर यातलं काहीच करू नका.

फोन पुरेसा आहे का? फोटो फोनवरच बघायचा असेल तर हो. गूगल फोटोजमधला मॅजिक इरेझर मागची गर्दी बऱ्यापैकी पुसतो. स्नॅपसीडच्या हीलिंगमध्ये ब्रश लहान करायची सोय नाही; झूम केलं की तोच फोटोच्या मानाने बारीक होतो, हे कळलं की निम्मी कटकट संपते. छपाईसाठी संगणकच गाठा आणि १०० टक्के झूमवर तपासा. वर कर्व्ह्जचा (उजेड-अंधार बदलणारा) एक तीव्र कॉन्ट्रास्टचा तात्पुरता लेयर टाकला की लपलेले ठिगळ लगेच उघडे पडतात.

आणि अजून त्या जागीच उभे असाल तर वरचं सगळं टाळता येतं. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, थोड्या थोड्या वेळाने दहा-पंधरा फोटो काढा. फोटोशॉपमध्ये ते एकाच स्टॅकमध्ये आणून स्मार्ट ऑब्जेक्ट करा आणि स्टॅक मोड मीडियन (प्रत्येक जागेसाठी सगळ्या फोटोंतली मधली किंमत) निवडा. प्रत्येक जागा निम्म्याहून जास्त फोटोंत मोकळी असेल तर चालती माणसं नाहीशी होतात, आणि मागे उरते ती खरी भिंत. बाकावर बसून राहिलेला माणूस तेवढा शिल्लक राहतो. त्याच्यासाठी पुन्हा क्लोन.