आर्केड स्टिक, दहा महिन्यांनंतर : चौकोनी गेटविषयी माझे मत का बदलले

जून महिन्यातल्या एका रविवारी रात्री ‘स्ट्रीट फायटर 6’ या मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये रँकचा सामना चालू होता. समोरच्या चुन-लीची पायावर येणारी लाथ बसून अडवायची होती, पण माझा र्‍यू बसलाच नाही आणि त्याने ती लाथ उभ्यानेच खाल्ली. पाठोपाठ हादोकेन मारायला गेलो, तर हातातून चेंडू सुटण्याऐवजी तो नुसताच पुढे चालत जाऊन तिच्या हातात आयता सापडला. आधी वाटले की इंटरनेट अडखळले असेल. मग सरावाच्या खोलीत जाऊन पडद्यावर दिशांची नोंद उघडली, लीव्हर सावकाश खाली ओढला, तेव्हा बाण उमटलाच नाही. डावी, उजवी आणि वर या तिन्ही दिशा ठणठणीत होत्या. ‘खाली’ मात्र दहा वेळा ओढल्यावर तीनदा लागत होती. साडेचौदा हजार रुपये मोजून जानेवारीत घेतलेली आर्केड स्टिक, म्हणजे पार्लरच्या यंत्रासारखा लीव्हर आणि बटणे असलेली खेळण्याची पेटी, सहाव्या महिन्यातच अशी वागली, म्हणून हा अनुभव लिहायला घेतला. कंपनीशी वाद झालेला असल्यामुळे तिचे नाव इथे देत नाही. आतला बोर्ड कोणता, केबल किती लांब, कोणत्या यंत्रांवर चालते हे सगळे खोक्यावर छापलेले असते, त्यावर शब्द खर्च करत नाही. मला लिहायचे आहे ते लीव्हरविषयी, आणि त्यातही त्याच्या तळाशी असलेल्या, आगपेटीहून थोड्याच मोठ्या आणि लीव्हरच्या फिरण्याची हद्द ठरवणार्‍या प्लॅस्टिकच्या चौकटीविषयी, जिला गेट म्हणतात.

स्टिक घेण्यामागचे कारण आधी सांगतो, कारण पुढचे सगळे त्याच्याशी जोडलेले आहे. माझे शाळेचे दिवस सांगलीत गेले. तिथल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये एक रुपयाच्या नाण्यावर आम्ही ‘किंग ऑफ फायटर्स 97’ खेळत असू, आणि इओरी यागामी या पात्राची सुपर, म्हणजे सर्वांत जबर चाल, ज्याला हुकमी मारता येई त्याच्या यंत्राभोवती पोरांचे कोंडाळे जमे. खाली, खाली-पुढे, पुढे आणि लगेच तिथून खालून अर्धे वर्तुळ फिरवत मागे, मग ठोसा, असा तो हाताचा फिरवा होता. त्या यंत्रांचे लीव्हर वर्षानुवर्षांच्या ओढाताणीने ढिले पडलेले असत, त्यामुळे दिशा लागावी म्हणून आम्ही ते पार गेटच्या भिंतीपर्यंत आपटत असू. बोटांच्या पेरांना घट्टे पडत, पण सुपर निघाली की सगळे वसूल होई. त्याच वयात कराटेच्या वर्गाला जात होतो. ब्रूस लीचे चित्र वहीच्या मुखपृष्ठावर चिकटवलेले होते, आणि ‘टेकन’मधला मार्शल लॉ किंवा ‘स्ट्रीट फायटर’मधला फे लाँग पडद्यावर आला की तो कोणावरून बेतला आहे हे कोणी सांगावे लागत नसे. मारामारीच्या खेळांचे हे वेड नोकरी, लग्न आणि घराचे हप्ते यांतूनही टिकले. पुण्यातल्या घरात गेमपॅडवर मी बरीच वर्षे खेळलो. अंगठ्याने हादोकेन निघत असे, पण पार्लरमधली ती मनगटाची जाणीव त्यात नव्हती, आणि तिच्यासाठीच मी ही पदरमोड केली.

पहिले दोन महिने मी या स्टिकवर नाराज होतो, आणि त्याचे खापर मी सर्वस्वी चौकोनी गेटवर फोडले होते. लीव्हरच्या तळाशी चार मायक्रोस्विच असतात, चार मुख्य दिशांचे चार. तिरक्या दिशेला वेगळा स्विच नसतो. खालचा आणि पुढचा हे दोन एकाच वेळी दाबले गेले की खेळाला ‘खाली-पुढे’ समजते. गेट चौकोनी असला की तिरक्या दिशा चार कोपर्‍यांत जातात आणि सरळ दिशांना सपाट भिंत लागते. पार्लरमधल्या सवयीने मी लीव्हर भिंतीला घासत फिरवत होतो, त्यामुळे प्रत्येक फिरव्यात तो कोपर्‍यात जाऊन अडे. शोर्युकेन हा वर उसळणारा ठोसा तर दहातले चारच निघत. मला वाटले की वर्तुळाकार हालचालीला चौकोनी चौकट देणे ही मुळातलीच चूक आहे. म्हणून मार्चमध्ये साडेसहाशे रुपये घालून अष्टकोनी गेट मागवला. कंपनीचा लीव्हर सान्वा या जपानी कंपनीच्या प्रसिद्ध जेएलएफ लीव्हरच्या मापावर बेतलेला असल्यामुळे तो बसवायला अडचण आली नाही. आठ दिशांना आठ खाचा, प्रत्येक खाचेत लीव्हर अलगद बसतो, हादोकेन लोण्यासारखा निघतो! त्या आठवड्यात मी चार मित्रांना हाच गेट घेण्याचा आग्रह केला. आज त्या सल्ल्याबद्दल मला त्यांची क्षमा मागायची आहे.

हमीचा वाद इथेच सुरू झाला. ‘खाली’ दिशा गेल्यावर मी सेवा केंद्राला पावतीसह मेल केला. हमी एक वर्षाची असे कार्डावर स्वच्छ छापलेले होते. पहिले उत्तर आले की लीव्हर हा झिजणारा भाग असल्यामुळे तो हमीत बसत नाही. तसे कार्डावर कुठे लिहिले आहे, असे विचारल्यावर त्यांनी बिघाडाची चित्रफीत मागितली. ती पाठवली, तर तीन किलोच्या आसपासची पूर्ण स्टिक स्वखर्चाने पाठवा, असे कळवले. त्यालाही मी तयार झालो, कुरियरचा दर काढून आणला, खोके शोधून ठेवले. तेव्हा शेवटचे उत्तर आले, की चित्रफितीत गेट मूळचा दिसत नाही, सबब हमी रद्द झाली आहे. अकरा मेल आणि तीन आठवडे या टोलवाटोलवीत गेले. चार स्क्रू काढून बदलता येणारी, आणि बदलता यावी म्हणूनच तशी घडवलेली चौकट बदलल्याने विजेचा स्विच कसा नादुरुस्त होतो, या माझ्या साध्या प्रश्नाला त्यांनी शेवटपर्यंत उत्तर दिले नाही. नव्या स्टिकवर दहा टक्के सूट देऊ केली, ती मी घेतली नाही. ज्यांना अशी वस्तू घ्यायची आहे त्यांनी पैसे भरण्याआधी ‘लीव्हर आणि बटणे हमीत आहेत का, आणि गेट बदलला तर काय’ हे दोन प्रश्न लेखी विचारून उत्तर जपून ठेवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मग स्टिक मीच उघडली. चौरंगावर जुनी चादर पसरून ती पालथी घातली, ॲलन कीने सहा स्क्रू काढले आणि तळाचा पत्रा बाजूला केला. लीव्हरच्या दांडीच्या टोकाला इंग्रजी ‘ई’ अक्षराच्या आकाराची पोलादी क्लिप असते. चपट्या स्क्रू ड्रायव्हरने ती सरकवताना बोटाने दाबून धरायची असते हे मला माहीत नव्हते, त्यामुळे ती उडाली आणि अर्ध्या तासाने चौरंगाच्या पायाजवळच्या नक्षीत अडकलेली सापडली. दांडी, स्प्रिंग आणि स्विचांना धक्का देणारी नळी सुटी झाल्यावर चारही स्विच दिसू लागले. तिघांवरचे बोंडाएवढे बटण नखाने दाबले की टिक् असा आवाज येऊन परत वर येत होते. चौथ्याचे बटण आत रुतून बसले होते. त्याहून जास्त विचार करायला लावणारी गोष्ट गेटमध्ये होती. अष्टकोनाच्या खालच्या तीन कडांवर पांढर्‍या प्लॅस्टिकची बारीक भुकटी साठली होती आणि तिथल्या खाचा झिजून जवळजवळ गोल झाल्या होत्या. वरच्या कडा नव्यासारख्या होत्या. म्हणजे चार महिने मी लीव्हर खालच्या बाजूला भिंतीवर दाबून घासत होतो. स्विच स्वस्तातला होता हे खरे, आणि कंपनीने हमी पाळायला हवी होती हेही खरे. पण त्याच्यावर इतका भार माझ्याच मनगटाने टाकला होता.

बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून त्याच आकाराचा स्विच चाळीस रुपयांत मिळाला. डाग देऊन तो बसवला आणि दिशा लगेच चालू झाली. ज्यांना केवळ चालू हवी आहे त्यांनी इथेच थांबायला हरकत नाही. मला मात्र नव्या स्विचचा ताठपणा जाणवत राहिला. ‘खाली’ला इतर तीन दिशांपेक्षा जास्त जोर लागे, आणि ‘टेकन 8’मध्ये काझुया या पात्राचा विजेचा ठोसा मारताना तो फरक नडू लागला. पुढे, मग लीव्हर मध्यावर, मग खाली, मग खाली-पुढे आणि त्याच फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या त्याच चित्राला, ठोशाचे बटण, अशी ती चाल आहे. सेकंदाला साठ फ्रेम म्हणजे एका फ्रेमला सुमारे 16.7 मिलिसेकंद, आणि त्या अवधीत एका दिशेचा स्विच दुसर्‍यापेक्षा उशिरा बोलत असेल तर हाताला दोष देऊन उपयोग नसतो. नऊ दिवसांनी मी हात आखडता घेणे सोडले आणि एकोणतीसशे रुपयांना सान्वाचा जेएलएफ लीव्हर मागवला. पाच तारांची जोडणी तशीच्या तशी बसली. त्याच्यासोबत मूळचा चौकोनी गेट आला. अष्टकोनी गेट झिजलेला होता आणि आणखी साडेसहाशे रुपये घालणे जिवावर आले होते, म्हणून केवळ काटकसरीपोटी मी चौकोनीवर परत गेलो.

आणि इथे माझे मत पालटले. कराटेच्या वर्गात आमचे सर सांगत, की मूठ वाटेत सैल असू दे, लागण्याच्या क्षणी आवळ. पार्लरच्या यंत्रांनी मला नेमके उलटे शिकवले होते. आता मी दांडी मधले बोट आणि अनामिका यांच्या बेचक्यात, तळवा वर करून, खालून धरू लागलो. या पकडीत जोर लावताच येत नाही. स्विचची टिक् कानावर आली की दिशा लागलेली असते. त्यापुढे भिंतीपर्यंत जाण्याचे काही कारणच नसते. भिंत शोधायची नाही असे ठरल्यावर ती चौकोनी आहे की अष्टकोनी याने फिरव्यात फरक पडत नाही. जिथे भिंतीचा खरोखरच आधार हवा असतो तिथे मात्र चौकोन सरस ठरतो. गाइलसारखे पात्र खेळताना हल्ल्यासाठी दम साठवायला लीव्हर खाली-मागे धरून बसावे लागते, आणि चौकोनाच्या खोल कोपर्‍यात तो निश्चिंत टेकून राहतो. अष्टकोनाच्या उथळ खाचेतून तो नकळत घसरे, आणि जमा केलेला दम वाया जाऊन सॉनिक बूम या त्याच्या फेकीच्या हल्ल्याच्या जागी साधा ठोसा निघे. इओरीची सुपरही या गेटवर मला पार्लरमध्ये निघे त्याहून स्वच्छ निघते, आणि हे लिहिताना मला खरोखर आनंद होतो आहे.

लीव्हर मध्यावर परत येणे किती महत्त्वाचे असते, हे पाहायचे असेल तर 2004 साली कॅलिफोर्नियातल्या पोमोना इथे झालेल्या इव्हो या मारामारीच्या खेळांच्या स्पर्धेतला दाइगो उमेहारा आणि जस्टिन वाँग यांचा सामना पाहावा. खेळ होता 1999 सालचा ‘स्ट्रीट फायटर 3 : थर्ड स्ट्राइक’. दाइगोच्या केनकडे इतका थोडा जीव उरला होता, की वाँगच्या चुन-लीची सुपर नुसती अडवली असती तरी तो हरला असता. त्याने ती अडवली नाही, पॅरी केली. म्हणजे प्रत्येक फटका पोहोचण्याच्या क्षणी लीव्हर पुढे टिचकावला. पंधरा फटके, शेवटचा हवेत उडी घेऊन, आणि मग परतीचा हल्ला करून सामना खिशात. मी ती चित्रफीत असंख्य वेळा पाहिली आहे, पण पूर्वी पाहताना लक्ष पडद्यावर असे. आता हातात लीव्हर घेऊन त्याच लयीत टिचक्या मारून पाहतो. पंधरा वेळा पुढे जायचे तर तेवढ्याच वेळा मध्यावर परतावे लागते, आणि भिंतीला टेकलेला लीव्हर तितक्या लवकर परतत नाही. माझी आजवरची मजल सलग नऊ टिचक्यांची आहे.

इतर बाबी थोडक्यात सांगतो. जड तळामुळे स्टिक हलत नाही. मी जमिनीवर मांडी घालून ती चौरंगावर ठेवतो आणि खाली फेल्टचा तुकडा घालतो, त्यामुळे खालच्या मजल्यापर्यंत आवाज जात नाही. मांडीवर ठेवून तासभर खेळले की पायाला मुंग्या येतात. हल्ली लीव्हरच नसलेल्या, सर्व दिशांना बटणे असलेल्या पेट्यांचे फार कौतुक होते. मी मित्राकडे एक आठवडाभर वापरली. ती जास्त अचूक आहे हे मान्य करतो, पण ‘स्ट्रीट फायटर’मधला कुस्तीगीर झांगीफ याचा पूर्ण वर्तुळाचा पाइलड्रायव्हर बटणांवर मारताना मला कुस्तीचा डाव टाकल्यासारखे वाटत नाही, टंकलेखन केल्यासारखे वाटते. ‘टेकन’ मनापासून खेळणार्‍यांनी कोरियन पद्धतीचा लीव्हरही हाताळून पाहावा. त्यात स्प्रिंगऐवजी रबर असते आणि गेट गोल असतो, आणि मागे सरकण्याची ती प्रसिद्ध चाल त्यावर वेगळीच चपळ होते.

स्टिक, अष्टकोनी गेट, चाळीस रुपयांचा स्विच आणि नवा लीव्हर मिळून आतापर्यंत 18,090 रुपये झाले. पुन्हा घ्यायची वेळ आली तर मी स्वस्तातली रिकामी पेटी घेऊन पहिल्याच दिवशी तिच्यात सान्वाचा लीव्हर बसवीन आणि त्याच्या गेटला हात लावणार नाही. मूळची बटणे आठही अजून चालू आहेत, पण वरच्या रांगेतले तिसरे, ज्याने मी जोराचा ठोसा मारतो, ते गेल्या आठवड्यापासून दाबल्यावर किंचित घासत वर येते. 30 मिलिमीटरची दोन बटणे मागवली आहेत; या वेळी सेवा केंद्राला मेल केलेला नाही.