‘जनरेटरसकट’ यूएसबी ऑसिलोस्कोप : पुण्यात सेकंडहँड घेणाऱ्यांनी आधी हे वाचा

पुण्यात एक जण ‘टू इन वन’ म्हणून यूएसबी ऑसिलोस्कोप, म्हणजे सिग्नलची लहर स्क्रीनवर दाखवणारं यंत्र, विकतो आहे. एकच डबा लॅपटॉपला लावायचा, त्यातच सिग्नल बघायचा आणि त्यातूनच सिग्नल द्यायचा, असं तो सांगतो. किंमत नऊ हजार. त्या डब्यात सिग्नल जनरेटर, म्हणजे सिग्नल तयार करून देणारं सर्किट, नाही. मी तो घेतला, खोलून बघितला, म्हणून हे खात्रीने लिहितोय. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे इंजिनिअरिंगची पोरं आणि माझ्यासारखे जुने रेडिओ दुरुस्त करणारे. कुणालाच नऊ हजार वर आलेले नाहीत.

मला जनरेटर हवा होता व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) रेडिओंच्या आयएफ अलाइनमेंटसाठी. आयएफ म्हणजे रेडिओ आत प्रत्येक स्टेशन ज्या एकाच मधल्या फ्रिक्वेन्सीवर आणतो ती. या सेटना ४५५ किलोहर्ट्झचा सिग्नल देऊन आयएफटी (त्या फ्रिक्वेन्सीच्या कॉइल) जुळवाव्या लागतात. त्या जुळल्या नाहीत तर आकाशवाणी पुणे, ७९२ किलोहर्ट्झवरचं आपलं घरचं स्टेशनसुद्धा दबकं आणि खरखरत लागतं. ही गरज मी त्याला फोनवरच स्पष्ट सांगितली होती. “काका, ४५५ काय, पाच मेगाहर्ट्झपर्यंत देतो,” हे त्याचं उत्तर.

डेमो त्याने सिंहगड रोडवरच्या त्याच्या फ्लॅटवर, त्याच्याच लॅपटॉपवर दिला. डब्याला पुढे तीन बीएनसी (केबल लावायचे गोल सॉकेट), तिसऱ्यावर ‘जनरेटर आऊट’ असं स्टिकर. यूएसबीची केबल लावली, आणि शिवाय डब्यामागच्या छोट्या जॅकमधून एक बारीक वायर लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात घातली. ही कशाला, विचारलं तर म्हणाला, “सिंकची आहे काका, ती नसेल तर वेव्ह स्क्रीनवर सरकत राहते.” मग तिसऱ्या बीएनसीतून पहिल्या चॅनलला जोडून स्वच्छ साइन वेव्ह दाखवली. फ्रिक्वेन्सी बदलली, वेव्ह बदलली. स्क्वेअर वेव्ह दाखवताना मात्र त्याने प्रोब (स्कोपची मोजणारी लीड) काढून पुढच्या छोट्या धातूच्या हुकाला लावला. ४५५ दाखव म्हटल्यावर, “त्याला सॉफ्टवेअरची फुल व्हर्जन लागते, की मेलवर पाठवतो.” ती की कधीच आली नाही.

घरी सॉफ्टवेअरच्या खान्यात ४५५००० टाकलं की आकडा आपोआप २०००० वर येऊन बसायचा. वीस किलोहर्ट्झ म्हणजे माणसाच्या कानाची हद्द, आणि लॅपटॉपच्या साउंड कार्डाचीही जवळपास तीच. तिथेच उजेड पडला. ‘सिंक’ची वायर उपटली तर साइन वेव्ह गायब.

मग चार स्क्रू काढले. मागच्या जॅकपासून तिसऱ्या बीएनसीपर्यंत एक लाल वायर सरळ डागलेली होती. मध्ये एक रेझिस्टरसुद्धा नाही. मूळ बोर्डाचा त्या बीएनसीशी काही संबंधच नव्हता. पॅनेलला भोक पाडून ती नंतर बसवलेली. म्हणजे सिग्नल तयार होत होता लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमध्ये, साध्या टोन वाजवणाऱ्या प्रोग्रॅममधून.

स्क्वेअर वेव्हसाठी तो हुकाकडे का वळला, तेही मग कळलं. तो हुक बहुतेक सगळ्या स्कोपवर असतो, प्रोबचा ट्रिमर (फिरवून जुळवायचा छोटा कपॅसिटर) जुळवण्यासाठी. त्यावर साधारण एक किलोहर्ट्झची ठरावीक स्क्वेअर वेव्ह येते, ती बदलता येत नाही. साउंड कार्डातून स्क्वेअर वेव्ह काढली असती तर कडांना लहरी दिसल्या असत्या, कारण वीस किलोहर्ट्झच्या वरचे हार्मोनिक (चौकोनी आकार घडवणाऱ्या वरच्या पटीतल्या फ्रिक्वेन्सी) त्यातून बाहेर पडतच नाहीत. वीस-तीस हर्ट्झला वेव्हचा माथा तिरका पडला असता. विकणाऱ्याला हे सगळं नीट ठाऊक होतं, आणि याचाच मला सगळ्यात जास्त संताप आहे.

साधा यूएसबी स्कोप व्होल्टेज आत घेतो आणि त्याचे आकडे करतो; त्यासाठी त्यात एडीसी असतो. सिग्नल बाहेर द्यायचा तर उलटं काम करणारा डीएसी किंवा वेगळं जनरेटर सर्किट लागतं, आणि ते सॉफ्टवेअर टाकून उगवत नाही. दोन्ही असलेले स्कोप मिळतात, नाही असं नाही. पिकोस्कोप २२०४ए मध्ये जनरेटर खराच आहे, पण तोही १०० किलोहर्ट्झपर्यंतच. म्हणजे माझ्या कामाला तोही चालला नसता. तेव्हा ‘जनरेटर आहे’ एवढ्यावर थांबू नका. तुम्हाला हवी ती फ्रिक्वेन्सी समोर काढून मागा, तीही तुमच्या लॅपटॉपवर आणि लॅपटॉपला यूएसबीशिवाय एकही वायर न लावता.

पैशांपेक्षा मोठा धोका वेगळाच आहे. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये अॅनोडवर (व्हॉल्व्हच्या प्लेटवर) दोनशे-अडीचशे व्होल्ट डीसी असतं. मी सिग्नलच्या लीडमध्ये कायम डीसी अडवणारा ०.०१ मायक्रोफॅरडचा ६३० व्होल्टचा कपॅसिटर घालतो, पण कॉलेजचा मुलगा घालेलच असं नाही. त्याने हे ‘जनरेटर आऊट’ चुकून अॅनोडला टेकवलं तर ते व्होल्टेज थेट लॅपटॉपच्या ऑडिओ सर्किटमध्ये शिरणार. एसी-डीसी सेट (मेन्स ट्रान्सफॉर्मर नसलेले) तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय, म्हणजे सेट मेन्सपासून वेगळा करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरशिवाय, कुठल्याच यूएसबी स्कोपला जोडू नका. त्यांची चासी (आतला धातूचा सांगाडा) मेन्सवर असू शकते, आणि स्कोपची ग्राउंड क्लिप म्हणजेच लॅपटॉपचं ग्राउंड.

मी आतले फोटो पाठवले तेव्हा त्याचं उत्तर आलं, “तुमचा ड्रायव्हर जुना आहे.” पैसे परत मागितले तर नंबर ब्लॉक. यूपीआयची नोंद, त्याचे मेसेज आणि फोटो जोडून पोलीस चौकीत लेखी तक्रार दिली आहे. फसवणुकीसाठी आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं. तो हा धंदाच करतोय, म्हणून ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंदवलं. पैसे अजून मिळालेले नाहीत. आणखी कुणी त्याच्याकडून घेतला असेल तर आपापल्या चौकीत तक्रार द्या, एकट्यादुकट्याच्या अर्जापेक्षा चार अर्जांना वजन येतं.

४५५ चं काम शेवटी एडी ९८३३ या सिग्नल तयार करणाऱ्या चिपच्या छोट्या मॉड्यूलने झालं. बुधवार पेठेत काही शे रुपयांत मिळालं, आर्डुइनोला (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाला) जोडलं. त्यात मॉड्युलेशन (सिग्नलवर आवाज चढवणं) नाही, पण नुसता कॅरिअर (आवाजाविना सिग्नल) देऊन एव्हीसीचं, म्हणजे रेडिओच्या आपोआप आवाज सांभाळणाऱ्या सर्किटचं, व्होल्टेज मीटरवर बघत आयएफटी व्यवस्थित जुळवता येतात.

त्याची जाहिरात अजून चालू आहे. काळा डबा, पुढे तीन बीएनसी, तिसऱ्यावर पांढरं स्टिकर. फोटो सगळे पुढच्या बाजूचे आहेत. मागच्या बाजूचा मागा, यूएसबीच्या शेजारी हेडफोनसारखा जॅक दिसला तर तोच डबा.