ड्रायव्हर बदलत राहिला, न्यूट्रलला हात लावला नाही

ऑफिसच्या इमारतीत लाइट सारखे जात असतील आणि वायरमन दर वेळी "माल खराब आला" म्हणत नवे ड्रायव्हर (एलईडी दिव्याला लागेल तसा करंट देणारा डबा) लावून बिल हातात ठेवत असेल, तर हे वाचा. आमच्या मेन्टेनन्सच्या ठेकेदाराने हा धंदा कित्येक महिने चालवला.

एलईडी पॅनलचे ड्रायव्हर जळायचे, तेही एकाच मजल्यावर. कॉफी मशीन चालू झालं की एका बाजूचे दिवे मंद व्हायचे आणि दुसरीकडचे डोळ्यांवर यायचे. हा यायचा, टेस्टर लावायचा, टेस्टर पेटला की "बघा, सप्लाय बरोबर आहे!" अहो, टेस्टर फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, चालू आहे एवढंच दाखवतो. न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, सैल आहे हे त्यात कळणार कसं? वायरमनला एवढं ठाऊक नसेल, असं मला तरी वाटत नाही.

ते मशीन त्यानेच लाइटच्या सर्किटवर जोडलं होतं. एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडायला लागला, तर पठ्ठ्याने 10 अँपिअरचा काढून 32चा बसवला. पडणं थांबलं, बिल पास. दीड स्क्वेअर एमएमच्या बारीक वायरवर 32! वायर तापून वितळली असती तरी तो एमसीबी ढिम्म हलला नसता. पैसे गेले त्यापेक्षा मला याचा संताप जास्त आहे.

मग अख्ख्या मजल्याचं वायरिंग बदलायचं कोटेशन आलं, तेव्हा बाहेरचा इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याने सगळा लोड चालू ठेवून डीबीत (सगळे एमसीबी असतात त्या पेटीत) प्रत्येक फेज-न्यूट्रल व्होल्टेज मोजलं. मशीनच्या फेजवर 170च्या आसपास, उरलेल्या दोन्हींवर 260च्या वर. मेन बंद करून पाहिलं तर न्यूट्रल लिंकचा (न्यूट्रल वायरी जोडतात त्या पट्टीचा) स्क्रू बोटाने फिरत होता, वायरचं टोक काळं, इन्सुलेशन तपकिरी होऊन तडकलेलं. थ्री-फेजमध्ये, म्हणजे तीन फेजना मिळून एकच न्यूट्रल असतो तिथे, तो सुटला की जास्त लोडच्या फेजचं व्होल्टेज उतरतं, कमी लोडवाल्यांचं चढतं. ड्रायव्हर त्यानेच मरत होते. टोक कापून नवा लग (वायरच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) बसवला, स्क्रू आवळला, मशीनला वेगळी लाइन दिली, एमसीबी परत 10चा.

डीबी स्वतः उघडू नका. पण लोड चालू असतानाचे तिन्ही फेजचे आकडे लेखी मागा, आणि जळके ड्रायव्हर मोजून ताब्यात घ्या. आमच्या ठेकेदाराकडे आकडे मागितले, तेव्हापासून तो फोनच उचलत नाही.