अमिगा ५००: खरं यंत्र की एम्युलेटर?

एका मित्राला जुने अमिगाचे गेम पुन्हा खेळायचेत. १९८७ चं अमिगा ५०० हे घरगुती कॉम्प्युटर घ्यावं की लॅपटॉपवर विनयूएई हा एम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) टाकावा, यात तो अडकलाय.

खर्चात एम्युलेटर सरळ जिंकतो. तो फुकट आहे. फक्त किकस्टार्ट रॉम (अमिगा सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) कायदेशीर हवी, ती ‘अमिगा फॉरएव्हर’ या पॅकेजमध्ये विकत मिळते. खऱ्या यंत्राचा खर्च मात्र खरेदीवर थांबत नाही. त्याचा १५ किलोहर्ट्झचा व्हिडिओ सिग्नल बहुतेक आजचे मॉनिटर घेतच नाहीत. ८८० केबीच्या फ्लॉप्या दगा देतात, म्हणून फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी गोटेक हे उपकरण बसवून पेन ड्राइव्हवरून एडीएफ फाइली (फ्लॉप्यांच्या डिजिटल प्रती) चालवाव्या लागतात. आणि घेताना आधी खालचं झाकण उघडून बघा: मेमरी एक्स्पान्शन कार्डावरची बॅटरी गळली असेल तर तांब्याच्या रेषा खाल्लेल्या दिसतील.

टिकाऊपणाबद्दल काय बोलायचं! फाइलला गंज चढत नाही.

पण जुन्या सीआरटी (काचेच्या नळीच्या) मॉनिटरवरचं गुळगुळीत स्क्रोलिंग आणि बटण दाबताच मिळणारा प्रतिसाद लॅपटॉपवर हुबेहूब येत नाही. मला तो फरक जाणवतो. बायकोला अजिबात नाही.

नुसते गेम खेळायचे तर विनयूएई. सोल्डरिंगची हौस आणि टेबलावर जागा असेल तरच खरं यंत्र.